पाताळपाणी–कालाकुंड हेरिटेज गाडी: आत्याबरोबर, 20 रुपयांच्या डब्यातून

आत्या यंदा श्रावणात माहेरी आली ती सहा वर्षांनी. लग्न होऊन अकोल्याला गेली त्याला आता पंचेचाळीस वर्षं होतील. इंदुरात लोकमान्य नगरच्या आमच्या घरात पाय ठेवल्या ठेवल्या तिनं सांगून टाकलं, "मला खायला सराफा नको, छप्पन नको. मला घाट दाखव."

इंदूरच्या जुन्या मराठी माणसाला घाट म्हणजे कोणता हे विचारावं लागत नाही. महूच्या पुढे, पाताळपाणीहून कालाकुंडला उतरणारा, छोट्या लाइनीचा, म्हणजे मीटरगेजचा, घाट. आत्याचं सगळं माहेरपण त्या घाटातून वर चढत आलेलं. अकोल्याहून मीनाक्षी एक्स्प्रेस, एक लेकरू कडेवर, एक हाताशी, आणि कडीचा पितळी डबा. कालाकुंडला गाडी थांबायची, चढासाठी मागून ढकलणारं जादा इंजिन, बँकर, लागायचं आणि तेवढ्या वेळात पळसाच्या पानातला कलाकंद खिडकीतून आत यायचा. मीनाक्षी बंद होऊन जमाना झाला. छोटी लाइनही बडी लाइन करायच्या कामात तुकड्यातुकड्यानं उखडली गेली. घाटातला साडेनऊ किलोमीटरचा तुकडा तेवढा राहिला, कारण बडी लाइन त्या चढावरून जाऊच शकत नव्हती, तिला दुसरा रस्ता शोधावा लागला. त्या तुकड्यावर रेल्वेनं 25 डिसेंबर 2018 ला हेरिटेज गाडी सुरू केली. पूर्वी ती महूहून सुटायची, आता पाताळपाणीहून सुटते.

मी दवा बाजारातल्या एका दुकानाचे हिशेब लिहितो, त्यामुळे पै-पै मांडायची सवय आहे. ज्यांना घरातल्या मोठ्या माणसाला कमी खर्चात जंगल, धबधबा दाखवायचाय त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मीही टॅक्सीचीच चौकशी केली होती. एका ट्रॅव्हल्सवाल्यानं पाताळपाणी, तिंछा धबधबा आणि चोरल धरण एका दिवसात करून 3200 रुपये सांगितले, तेही आगाऊ. प्रत्येक ठिकाणी किती वेळ मिळेल विचारलं तर म्हणाला, वीस मिनिटं, फोटो होऊन जातात. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आत्या मागून म्हणाली, "काहून रे, पाणी पळत पळत पाहायचं असते का?" तिथेच तो विषय संपला.

हेरिटेज गाडीत दोन तऱ्हेचे डबे असतात. एक एसी, मोठमोठ्या काचांचा, ज्याला विस्टाडोम म्हणतात. त्याचं तिकीट 265 रुपये. दुसरा साधा चेअरकार, त्याचं 20 रुपये. जायचं वेगळं, यायचं वेगळं. मागच्या वर्षी ऑफिसच्या मंडळींबरोबर मी एसीतून गेलो होतो, त्यामुळे दोन्ही डब्यांबद्दल अनुभवाचं सांगू शकतो: 20 रुपयांचाच घ्या. पैसे वाचतात म्हणून तर घ्याच, पण मी ते पैशासाठी म्हणत नाहीये. एसीच्या काचेतून जंगल सुरेख दिसतं, स्वच्छ, मोठं, आणि मुकं. साध्या डब्याची खिडकी उघडते. ओल्या दगडाचा वास, इंजिनाचा डिझेलचा वास, रुळांच्या सांध्यांवर चाकांचा ठेका, झऱ्याचा आवाज जवळ येऊन मागे पडणं, हे सगळं आत येतं. श्रावणात त्या घाटात एसीची गरजही नाही. उलट आत्यानं अर्ध्या वाटेत पदर डोक्यावरून घेतला होता.

गाडी पावसाळ्यात सुरू होते आणि शनिवार-रविवारी धावते. तिकीट आयआरसीटीसीवर मिळतं. पावसाची बातमी आली की वीस रुपयांच्या जागा दोन दिवसांत भरतात, म्हणून आठवडाभर आधी काढून ठेवा आणि परतीचं त्याच वेळी काढा. खाली कालाकुंडला पोचल्यावर परतीची सोय बघू म्हटलं तर गाडीशिवाय दुसरं धड साधन नाही.

आम्ही श्रावणातला शेवटचा रविवार धरला. सकाळी लोकमान्य नगर स्टेशनवरून डेमू लोकल पकडली, महूपर्यंत माणशी 10 रुपये. आमच्या घरापासून स्टेशन चालत आठ मिनिटं, आत्याच्या पावलांनी पंधरा. राऊ मागे पडलं की दोन्ही बाजूंना सोयाबीन सुरू होतं, हिरवंगार, गुडघ्याएवढं. महूहून पाताळपाणीपर्यंत रिक्षा केली, 150 रुपये ठरवून. रस्ता लहान, मध्ये मध्ये खड्डे, पण अर्ध्या तासाच्या आत पोचलो.

पाताळपाणी स्टेशन हे आत्याच्या आठवणीतल्यापेक्षा रंगीत झालंय, भिंतींवर चित्रं आहेत, पण आकारानं तेवढंच आहे. जवळच टंट्या मामाचं देऊळ. इंग्रजांशी लढलेला हा भिल्ल नायक, 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला त्याला फाशी दिलं. इथे त्याचा मान असा की गाडीवाले त्याला नमस्कार केल्याशिवाय घाटात उतरत नाहीत. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, रेल्वेत होते. ते सांगायचे की ड्रायव्हर शिट्टी देऊनच पुढे जायचा. आत्यानं देवळासमोर नारळ वगैरे काही फोडला नाही. चप्पल काढून उभी राहिली, दोन मिनिटं.

माकडं मात्र सांभाळा. प्लॅटफॉर्मवरच एकानं एका बाईच्या हातातली बिस्किटांची पुडी अशी अलगद काढून घेतली की तिला कळेपर्यंत तो शेडवर जाऊन बसला. डबा पिशवीत, पिशवीला गाठ, आणि पिशवी मांडीवर, हा आत्याचा जुना नियम, तो आम्ही पाळला.

अकराच्या सुमारास गाडी सुटली. आता या प्रवासाचं खरं सांगतो. अंतर साडेनऊ किलोमीटर आणि वेळ जवळजवळ दोन तास. ज्याला हे वाचून नवल वाटेल त्यानं एसीत बसूनही कंटाळा करून घेऊ नये. गाडी उतारावरून ब्रेक धरून उतरते, वळणावळणानं, आणि बघायच्या जागी उभी राहते. वळण इतकं जोराचं असतं की आपल्याच गाडीचं इंजिन आपल्याला शेजारून जाणाऱ्या गाडीसारखं दिसतं. चार बोगदे आहेत, लहान-मोठे पूल चाळीसच्या वर. डब्यातली मुलं बोगदा आला की ओरडतात, हे आत्याच्या काळीही होतं म्हणे. पहिल्या बोगद्यात मुलांचा आवाज भिंतींवरून परत आला आणि त्यात एक आवाज माझ्या शेजारून निघालेला होता. अडुसष्ट वर्षांची माझी आत्या, तोंडाशी हात धरून, "कूऽऽ!"

बोगद्याच्या आत खिडकीबाहेर हात काढू नका, पण नजर ठेवा. घडवलेल्या दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरत असतं आणि बाहेर पडायच्या आधी उजेड त्या ओल्या दगडावर येतो. दीडशे वर्षांपूर्वीचं काम आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी ही लाइन व्हावी म्हणून इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजानं, 101 वर्षांसाठी. हिशेबवाला माणूस म्हणून मला हा आकडा नेहमी थांबवतो. वर्षाला साडेचार लाख नुसतं व्याज, 1870 च्या सुमारास! खंडव्याहून नर्मदा ओलांडून हा घाट चढून गाडी इंदूरला पोचायला 1878 उजाडलं. तिचं नावच होळकर स्टेट रेल्वे होतं. आमचे आजोबा सांगायचे की पहिलं इंजिन इंदूरला हत्तींनी ओढून आणलं. आत्यानं ती गोष्ट समोरच्या सीटवरच्या दोन मुलांना सांगितली, हत्ती किती होते ते मात्र मुलांनी विचारलं आणि तिनं सरळ "मोजले नाही बाप्पा" म्हणून उत्तर दिलं.

धबधब्यासमोर गाडी उभी राहते. पाताळपाणी सुमारे 300 फुटांवरून पडतं. चोरल नदीचं पाणी, श्रावणात मातीच्या रंगाचं, खाली कुंडात पडतं तिथे नुसता धूर. कुंड पाताळापर्यंत खोल आहे असं मानतात, त्यावरून नाव. गाडीतून दिसणारा धबधबा हा रस्त्यानं जाऊन कठड्यापासून दिसणाऱ्या धबधब्याहून वेगळा. रस्त्याकडून आपण त्याच्या डोक्याशी असतो, रुळांवरून तो समोर, पूर्ण उंचीचा दिसतो. मोठी माणसं बरोबर असतील तर गाडीतूनच पाहा, पायऱ्या नाहीत, निसरडं नाही.

आणि जे रस्त्यानं जातील त्यांना हात जोडून सांगतो, कठड्याच्या पुढे जाऊ नका. 2011 च्या जुलैमध्ये पाण्याच्या मधोमध खडकावर उभी असलेली एकाच कुटुंबातली माणसं अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेली. आपल्या डोक्यावर आकाश मोकळं असतं आणि पाऊस वर महूच्या पठारावर पडून गेलेला असतो. पाणी काही सांगून येत नाही. आमच्या डब्यातल्या लोकांनी तो दिवस टीव्हीवर पाहिलेला होता, गाडी तिथे थांबली तेव्हा दोघं-तिघं तेच बोलत होते.

धबधबा संपला की जंगल सुरू होतं, आणि माझ्या मते गाडीचा खरा मोबदला तिथे वसूल होतो. साग, पळस, तेंदू, मध्येच सीताफळीची झुडपं. सागाला या दिवसांत पांढरा मोहोर असतो, वरून बघितलं तर अख्ख्या दरीवर कुणी पीठ चाळल्यासारखं दिसतं. घाटातून दरीकडे बघता बघता आत्यानं एक गोष्ट सांगितली जी काकांनी तिला सांगितलेली. महूच्या पठारावर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. एका अंगाचं पाणी चंबळेला मिळून यमुना, गंगा करत पूर्वेच्या समुद्राला जातं, आणि दुसऱ्या अंगाचं या चोरलमधून नर्मदेला मिळून पश्चिमेच्या. एकाच ढगाचं पाणी दोन समुद्रांना. मी इंदूरचा, चाळीस वर्षांचा, मला हे माहीत नव्हतं.

एका टोळक्यानं मागच्या बाजूला स्पीकर लावला होता. मी उठणार एवढ्यात आत्याच गेली आणि म्हणाली, "बाळांनो, पाण्याचा आवाज ऐकू येऊन नाही राहिला." त्यांनी लगेच बंद केला, वर तिला खिडकीशी जागा करून दिली. मागच्या वर्षी एसी डब्यात हाच प्रसंग झाला होता, तेव्हा कुणी काही बोललं नाही आणि दोन तास तेच गाणं वाजत राहिलं.

एकच्या सुमारास कालाकुंड. लहानसं स्टेशन, चारी बाजूंना डोंगर, शेजारून नदी. परतीची गाडी साडेतीननंतर, म्हणजे हातात अडीच तास. यावर मी लोकांच्या तक्रारी ऐकल्या आहेत की एवढा वेळ करायचं काय. तुम्ही हॉटेल शोधत असाल तर खरंच काही नाही. घरून डबा नेला असेल तर अडीच तास कमीच पडतात. आत्याचा चातुर्मास, त्यामुळे कांदा-लसूण नाही. दुधातल्या दशम्या, तिळाची चटणी, कैरीचं लोणचं आणि गुळाचा खडा. एका झाडाखाली चादर टाकून बसलो. खायला बाहेरचं म्हणजे भाजलेली कणसं, चहा, आणि कलाकंद.

कलाकंदाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कालाकुंडचं ते नाव आहे. शहरातल्या मिठाईच्या दुकानात मिळतो तसा हा चौकोनी, वर्ख लावलेला नाही. रवाळ, किंचित तपकिरी झाक असलेला, हातानं पळसाच्या पानात बांधून देतात. दूध आटवताना कढईला लागलेली खरवड त्यात असते आणि तिचीच ती खरपूस चव. साखर बेताची. पान उघडलं की पानाचा ओला, तुरट वास आधी येतो, मग दुधाचा. आत्यानं पहिला घास तोंडात टाकला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तोच आहे." आणि मग, "थोडा गोड जास्त झाला." आम्ही चार पुडे घेतले, 40 रुपयांना एक. पुडा डब्यात कोंबू नका, पान फाटलं की कलाकंद ओलसर होतो.

जेवण झाल्यावर ती मला रुळांच्या कडेनं थोडं पुढे घेऊन गेली. सागाचं एक लहान रोप शोधलं, त्याची अगदी कोवळी, टोकाची पानं खुडली आणि तळहातावर चोळायला लावली. दोन मिनिटांत हात लालभडक. लहानपणी अकोल्याहून इंदूरला येताना बँकर लागेपर्यंत थोरली खाली उतरून हेच करायची, आणि घरी पोचल्यावर आजीला ती मेंदी म्हणून दाखवायची. थोरली म्हणजे माझी आतेबहीण, जी आता पुण्याला बँकेत आहे. आत्यानं स्वतःच्या लाल तळव्याचा फोटो काढायला लावून तिला पाठवला. नेटवर्क नव्हतं, तो महूला आल्यावर गेला.

परतीला गाडी चढते आणि तो वेगळाच प्रवास असतो. येताना ब्रेकचा करकर आवाज, जाताना इंजिनाचा दम. चढ चाळीस फुटाला एक फूट, रेल्वेच्या मानानं हा फार उभा चढ. सगळा डबा शांत झाला होता, मुलं झोपली होती, आणि खिडकीतून ऊन दरीच्या पलीकडच्या अंगावर गेलेलं. परतीला गाडी खाली उतरतानापेक्षा लवकर पोचते, तासाभरात पाताळपाणी.

तिथे मात्र आमची गैरसोय झाली. सकाळच्या रिक्षावाल्याला परत बोलावून ठेवलं होतं, तो आला नाही, फोन बंद. गाडीतून एकदम शे-दोनशे माणसं उतरतात आणि बाहेर रिक्षा मोजून सात-आठ. ज्याला विचारावं तो 400 सांगे. शेवटी आणखी दोघांना बरोबर घेऊन आमच्या वाटणीला 250 आले. पाऊस सुरू झाला होता आणि आत्याचे गुडघे दिवसभरात दमलेले, तिला पंचवीस मिनिटं उभं राहावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं. तुम्ही गेलात तर रिक्षावाल्याला जाताना अर्धेच पैसे द्या आणि उरलेले परतीला. किंवा स्वतःची गाडी असेल तर ती स्टेशनजवळ लावा.

मोठ्या माणसांसाठी आणखी एक. डब्याची शेवटची पायरी कालाकुंडला उंच वाटते. पुढे एकानं उतरून हात द्यावा आणि मागून कुणी घाई करत असेल तर त्याला थांबवावं. पाणी घरूनच भरून न्या. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण वाऱ्यानं छत्री उलटी होते.

हिशेब असा. डेमू जाऊन-येऊन दोघांचे 40, हेरिटेज गाडीचे 80, वर आयआरसीटीसीचं थोडं शुल्क, रिक्षा 400, कलाकंद 160, कणसं आणि चहा 80. आठशेच्या आत दोघांचा पूर्ण दिवस, त्यातले निम्मे रिक्षात गेले. टॅक्सीच्या 3200 मधले उरलेले पैसे आत्यानं तिथल्या तिथे माझ्याकडून कबूल करून घेतले, सिरपूरच्या तलावासाठी आणि एका दुर्बिणीसाठी.

सिरपूरला दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो. होळकरांच्या वेळचा तलाव, 2022 पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. पक्षी हिवाळ्यात जास्त असतात, श्रावणात थोडे. पण जांभळ्या पाणकोंबड्या होत्या, आणि परतताना वाफेवरचे पोहे. तलावावर वेगळं लिहीन, आत्तापर्यंतचं लिहिणंच लांबलं.

गाडीला मी पाचपैकी पाच देतो. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, बँकर लावत नाहीत, म्हणून साडेचार.

कलाकंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतच चांगला राहतो, हे लक्षात ठेवा. अकोल्याला सुनेसाठी म्हणून जपून ठेवलेला शेवटचा पुडा आत्यानं बसमध्ये बऱ्हाणपूर यायच्या आधीच उघडला, असं तिनं पोचल्याचा फोन केला तेव्हा सांगितलं.